आवाज वेगळा, ट्रॅक वेगळा: घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करताना

ट्रॅकवर, म्हणजे गायकाशिवाय नुसत्या वाद्यांच्या तयार संगीतावर, गाणाऱ्यांचे गट आता पुण्या-मुंबईपासून नांदेड-कोल्हापूरपर्यंत सगळीकडे आहेत. बँकेतून निवृत्त झालेले काका, शाळा सांभाळून गाणाऱ्या बाई, दिवसभर दुकान चालवून रात्री दोन गाणी म्हणणारे दादा. अधूनमधून हॉल भाड्याने घेऊन कार्यक्रम होतो, एरवी घरी रेकॉर्ड केलेली गाणी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. त्यांवर येणारे अभिप्राय ठरावीक असतात. आवाज लांबून येतोय. बाथरूममध्ये गायल्यासारखं वाटतंय. तालाच्या जरा मागे पडताय. गाणारा ते मनाला लावून घेतो, त्याला वाटतं आपल्या गळ्यातच काहीतरी कमी आहे.

मला हे फार लागतं, कारण या तिन्ही तक्रारींचा गळ्याशी बहुतेक वेळा काहीच संबंध नसतो. आवाज लांबून येतो तो माइकपासूनच्या अंतरामुळे, घुमतो तो खोलीमुळे आणि मागे पडतो तो बहुधा ब्लूटूथमुळे. तिन्ही गोष्टी दुरुस्त होतात, त्यांतल्या दोन तर जवळजवळ फुकटात. पण लोक सुरुवात करतात ती महागड्या माइकपासून.

सगळा घोळ इथे सुरू होतो

ट्रॅक म्हणजे गायकाचा आवाज वगळून उरलेली वाद्यं. तो दोन प्रकारे तयार होतो. एक, वादकांनी किंवा कीबोर्डवाल्याने गाण्याचं संगीत नव्याने वाजवून रेकॉर्ड केलेलं असतं. दुसरा, मूळ गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकलेला असतो. पूर्वी यासाठी एक युक्ती वापरत. स्टिरिओ गाण्यात गायक बरोबर मधे असतो, म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूला सारखाच असतो. एका बाजूतून दुसरी वजा केली की तो नाहीसा होतो, पण त्याच्यासोबत मधे असलेली बाकीची वाद्यंही जातात. १९५०-६० च्या दशकांतली बहुतेक गाणी मोनो, म्हणजे एकाच वाहिनीवर आहेत. तिथे तर वजा करायला दुसरी बाजूच नाही. २०१९ मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीने स्प्लीटर नावाचं सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं केलं. हजारो गाण्यांवरून शिकलेलं असं सॉफ्टवेअर मोनो गाण्यातूनही आवाज बऱ्यापैकी वेगळा काढतं. तरी असा ट्रॅक कान देऊन ऐकलात तर मूळ गायकाची पुसट सावली आणि वाद्यांवर पाण्यासारखा ओलसरपणा जाणवेल. माझं मत स्पष्ट आहे: मिळत असेल तर नव्याने वाजवलेला ट्रॅक विकत घ्या. दोनतीनशे रुपयांत एक ट्रॅक कायमचा तुमच्याकडे राहतो, आणि वादकांच्या हाती चार पैसे पडतात.

आता रेकॉर्डिंगकडे येऊ. बहुतेक जण ट्रॅक टीव्हीवर किंवा ब्लूटूथ स्पीकरवर लावतात, समोर गातात आणि बाजूला ठेवलेला मोबाइल दोन्ही टिपतो. त्या मोबाइलला काय ऐकू येतं? तुमचा आवाज, स्पीकरचा आवाज, भिंतींवरून परतलेला तुमचा आवाज, भिंतींवरून परतलेला ट्रॅक आणि वर फिरणारा पंखा. हे सगळं एकाच फाइलमध्ये. मग आवाज बारीक वाटला तर तो एकटा वाढवता येत नाही, त्याच्यासोबत ट्रॅकही वाढतो.

स्वयंपाकघरात वाटणासाठी कांदा, खोबरं आणि मसाला वेगवेगळा भाजतात, कारण प्रत्येकाला आच वेगळी लागते. एकदा मिक्सरमधून काढल्यावर कळलं की खोबरं जळलंय, तर ते परत वेगळं काढता येत नाही. रेकॉर्डिंगचंही नेमकं असंच आहे. म्हणून या लेखातला एकच नियम लक्षात ठेवलात तरी पुरे: ट्रॅक फक्त कानात वाजू द्या, माइकमध्ये फक्त आवाज जाऊ द्या आणि दोघांची गाठ नंतर, फाइलमध्ये घाला. पुढे जे काही सांगतोय ते या नियमातून निघतं.

पहिला खर्च हेडफोनवर का?

ट्रॅक कानात वाजवायचा तर हेडफोन हवा. तो कान पूर्ण झाकणारा, मागून बंद असलेला आणि वायरचा घ्या. कान झाकणारा अशासाठी की त्यातला ढोलक-तबला बाहेर गळून माइकमध्ये शिरू नये. स्टुडिओत वापरतात तसा कामचलाऊ बंद हेडफोन दोन ते पाच हजारांत मिळतो. तेवढे नसतील तर मोबाइलसोबत पूर्वी यायचे तसे कानात घट्ट बसणारे वायरचे इअरफोनही चालतात.

"माझ्याकडे चांगले ब्लूटूथ इअरबड आहेत, ते का नकोत?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो, म्हणून इथे थोडं थांबतो.

आवाज डिजिटल यंत्रातून जाताना प्रत्येक टप्प्यावर थोडा वेळ खातो. या उशिराला लेटन्सी म्हणतात. ब्लूटूथमध्ये मोबाइल आवाज आधी दाबून लहान करतो, हवेतून तुकड्यातुकड्याने पाठवतो आणि इअरबड तो पुन्हा उलगडतात. यात साधारण १०० ते ३०० मिलिसेकंद जातात. गाणं नुसतं ऐकताना ते कळतही नाही, कारण सगळंच सारखं उशिरा येतं. गाताना मात्र हिशेब फिरतो. मध्यम लयीच्या केरव्यात एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे ५०० मिलिसेकंदांची धरा. ट्रॅक तुमच्या कानात २०० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, तुम्ही त्या उशिरा आलेल्या तालावर बिनचूक गाता आणि रेकॉर्डिंगमध्ये तुमचा आवाज जवळजवळ अर्धी मात्रा मागे पडलेला निघतो. सम चुकली असं ऐकणारा म्हणतो. तुम्ही ती चुकवलेलीच नसते.

हा मागे पडलेला आवाज नंतर पुढे सरकवता येतो, तेवढं खरं. पण गाताना आपलाच आवाज हेडफोनमध्ये ऐकायचा असेल तर ब्लूटूथवर ते अशक्यच. आपण बोललेलं पाव सेकंदाने कानात परत आलं की जीभ अडखळते. आणखी एक गोष्ट. ब्लूटूथ हेडसेटचा स्वतःचा माइक चालू झाला की बऱ्याच उपकरणांमध्ये तो फोनकॉलच्या पद्धतीवर जातो आणि आवाज टेलिफोनसारखा चपटा होतो.

वायरच्या हेडफोनमध्येही थोडा उशीर असतोच, कारण संगणक आवाज लहान लहान गठ्ठ्यांत हाताळतो. त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे क्षणाक्षणाची मोजमापं, घेतले जात असतील आणि बफर २५६ नमुन्यांचा असेल, तर एका गठ्ठ्याला सुमारे ६ मिलिसेकंद लागतात. जाता-येता मिळून १२-१५ होतात. तुलनेसाठी सांगायचं तर ध्वनी हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे १२ मिलिसेकंद म्हणजे चार मीटरवर बसलेल्या तबलजीला ऐकण्यासारखं. तेवढं आपल्याला सवयीचं असतं. बफर १,०२४ केला की एका गठ्ठ्यालाच २३ मिलिसेकंद लागतात आणि मग गाणं अवघड होतं. रेकॉर्ड करताना बफर लहान, नंतर जुळवाजुळव करताना मोठा, एवढं ध्यानात ठेवा.

एका कानावरचा हेडफोन थोडा सरकवून ठेवायची गायकांची सवय अगदी योग्य आहे. उघड्या कानाला खरा आवाज ऐकू येतो आणि सूर धरायला सोपं जातं. फक्त तो सरकवलेला भाग डोक्याला टेकलेला असू द्या, नाहीतर त्यातून ट्रॅक माइकमध्ये गळतो.

खोलीवर पैसे नकोत, गोधड्या हव्यात

आपल्या घरांत खाली फरशी, भिंतींना गुळगुळीत प्लॅस्टर, खिडकीला काच. खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीनंतर तारेसारखी झणझण ऐकू आली, तर तीच झणझण तुमच्या प्रत्येक शब्दामागे रेकॉर्ड होणार आहे. लोक ज्याला बाथरूमसारखा आवाज म्हणतात तो हाच. रेकॉर्ड झाल्यावर तो समाधानकारक काढून टाकणं कठीण, म्हणून आधीच अडवायचा.

त्यासाठी मऊ आणि जाड गोष्टी लागतात, आणि त्या मराठी घरात भरपूर असतात. आजीने शिवलेल्या जाड गोधड्या, गाद्या, रजया, साड्यांनी गच्च भरलेलं कपाट. त्या टांगायच्या कुठे, यातच सगळी मेख आहे. बहुतेक जण माइकच्या मागे, म्हणजे आपल्या तोंडासमोर टांगतात. पण गायकी माइक बहुधा समोरचंच जास्त ऐकतो आणि त्याच्या समोर तुम्ही असता. म्हणजे तुमच्या पाठीमागची भिंत त्याला सगळ्यात स्पष्ट दिसते. पहिली गोधडी तुमच्या पाठीमागे, मग दोन्ही बाजूंना, आणि पायाखाली सतरंजी. कपड्यांच्या दोन रांगांकडे पाठ करून, कपाटाची दारं उघडी टाकून गायलात तरी फरक पहिल्या ओळीलाच कळेल.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. ते पातळ पुठ्ठ्याचे असतात, ध्वनी शोषत नाहीत आणि आग लागली तर भडकतात. बाजारात मिळणारा इंचभर जाडीचा काळा फोमही फक्त वरच्या, टोकदार ध्वनींना आवर घालतो. ध्वनी चांगला शोषायचा तर त्याच्या लहरीच्या लांबीच्या साधारण पावपट तरी जाडी लागते. ३,००० हर्ट्झच्या ध्वनीला सुमारे तीन सेंटिमीटर पुरतात, १०० हर्ट्झच्या खर्जाला ८५ सेंटिमीटर लागतील. म्हणून पातळ फोमने मढवलेल्या खोलीत आवाज मंद, कोंदट वाटतो, पण घुमारा जात नाही. भिंतीपासून वीतभर अंतर सोडून टांगलेली दुहेरी गोधडी त्याहून जास्त काम करते.

बाहेरचा आवाज मात्र गोधडीने थांबत नाही. रिक्षाचे हॉर्न, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, गणपतीच्या दिवसांतला ढोल यांना फक्त वेळ निवडून टाळता येतं. पंखा बंद करा, फ्रिज आणि एसीपासून लांब बसा, खिडकी लावा. एप्रिल-मेमध्ये हे कठीण जातं, म्हणून एकेक कडवं गाऊन मधे पंखा लावून घ्यावा.

माइक कोणता घ्यावा?

माइकचे दोन मुख्य प्रकार आहेत. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला जोडलेली तारेची गुंडाळी चुंबकाजवळ हलते आणि वीज तयार होते. त्याला बाहेरून वीज लागत नाही, तो दणकट असतो आणि लांबचं कमी ऐकतो. स्टेजवर जगभर दिसणारा शुअर एसएम ५८ याच जातीचा, तो १९६६ पासून बाजारात आहे. दुसरा कंडेन्सर. यात अतिशय पातळ पडदा विद्युतभारावर काम करतो. तो बारकावे छान टिपतो, श्वास, मुरकी, शब्दांची कड. पण त्याला वीज लागते, स्टुडिओतल्या माइकांना सहसा ४८ व्होल्ट, आणि तो बारकाव्यांसोबत शेजारचा कुकरही तितक्याच प्रेमाने टिपतो.

फरशीच्या, उघड्या खोलीत गाणाऱ्याने डायनॅमिक घ्यावा असं माझं ठाम मत आहे. खोली शांत आणि मऊ केलेली असेल तर कंडेन्सरची मजा घ्या. पहिल्यांदाच घेताय आणि खोली जशी आहे तशीच राहणार आहे, तर कंडेन्सरवर खर्चलेले दहा हजार तुमच्या खोलीचं अधिक स्पष्ट चित्र काढण्यावर खर्च होतील.

माइक संगणकाला दोन प्रकारे जोडता येतो. यूएसबी माइक थेट लागतो, तीन ते सहा हजारांत बरा मिळतो आणि वायरी कमी. तो घेताना त्याच्या अंगावरच हेडफोनचं भोक आहे ना ते पाहा. ते असेल तर आपला आवाज माइकमधून थेट, संगणकाला वळसा न घालता कानात येतो आणि उशिराचा प्रश्न जवळपास संपतो. दुसरा मार्ग म्हणजे साधा तीन पिनांचा माइक आणि एक ऑडिओ इंटरफेस. इंटरफेस ही माइकचा दुबळा सिग्नल वाढवून त्याचे आकडे करणारी डबी आहे. सुरुवातीच्या इंटरफेसला चार ते पाच हजार पडतात, नावाजलेल्याला दहा ते पंधरा हजार. माइक, इंटरफेस, हेडफोन, स्टँड आणि वायर मिळून पंधरा हजारांच्या आसपास अनेक वर्षं पुरणारा संच होतो. पुढे माइक बदलावासा वाटला तर डबी तीच राहते, म्हणून मला हा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो.

दोन-अडीच हजारांत सोनेरी जाळीचा कंडेन्सर, रंगीत बटणांचं साउंड कार्ड, स्टँड, सगळं एका खोक्यात मिळतं, त्याबद्दल सांभाळून. बऱ्याचदा त्यातल्या माइकला ४८ व्होल्ट मिळतच नाहीत, तो पाचएक व्होल्टांवर चालतो आणि मागे सतत सरसर ऐकू येते. त्या कार्डावरचा एको आवाजातच मिसळून रेकॉर्ड होतो. म्हणजे पुन्हा तेच, वेगळं ठेवायचं ते आधीच एकत्र झालं. हा संच घरात असेलच तर एको पूर्ण बंद करून वापरा.

माइक कुठलाही असो, अंतर महत्त्वाचं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की थेट आवाज ६ डेसिबलने घटतो, खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. आवाज लांबून येतोय या तक्रारीचं मूळ हे. डायनॅमिक माइकपासून चार बोटं, कंडेन्सरपासून एक वीत. फार जवळ गेलात तर खर्ज फुगतो, कधी तो हवाहवासा वाटतो, पण मग पूर्ण गाणंभर तेच अंतर राखावं लागतं. तार सप्तकातली ओळ येते तेव्हा मान किंचित मागे घ्या. प, फ, ब, भ यांचा वारा माइकवर धप्पकन आदळतो. तो टाळायला भरतकामाच्या रिंगमध्ये नायलॉनचा पायमोजा ताणून बसवा आणि माइक आणि तोंड यांच्या मधे धरा. माइक तोंडाच्या नेमक्या समोर न ठेवता जरा तिरका ठेवला तरी वारा बाजूने जातो.

मोबाइलवरच होणार नाही का?

होतं, आणि ऐकण्याजोगं होतं. अडचण मोबाइलच्या माइकची फारशी नाही. अडचण अशी की फोन बोलणं सुधारायला बनलेला आहे. कॉलवर किंवा व्हॉइस नोटमध्ये तो हळू आवाज आपोआप वाढवतो, मोठा दाबतो आणि सतत एकसारखा येणारा ध्वनी पंख्याची घरघर समजून पुसायला बघतो. आपण एखादा सूर 'आ'कारात लांबवला की तोही एकसारखाच असतो. म्हणून लांबवलेला षड्ज मधेच विरतो. व्हॉइस नोटवर गाणं रेकॉर्ड करू नका. बँडलॅबसारखं फुकट अ‍ॅप घ्या किंवा आयफोनवर गॅरेजबँड. दोन्हींत ट्रॅक एका रांगेत आणि आवाज दुसऱ्या रांगेत राहतो, आपला नियम पाळला जातो. गाण्याच्या बऱ्याच अ‍ॅपमध्ये शेवटी दोन्ही मिसळलेली एकच फाइल हाती येते. रोजच्या रियाजाला आणि हौसेला ती ठीक, जपून ठेवायच्या गाण्याला नाही.

घरात दोन फोन असतील तर आणखी सोपं. पहिल्या फोनवर वायरचे इअरफोन लावून ट्रॅक ऐका. दुसरा वीतभर अंतरावर ठेवून त्यावर फक्त आवाज रेकॉर्ड करा. ट्रॅक सुरू होताना इअरफोनची एक बाजू क्षणभर दुसऱ्या फोनच्या माइकला टेकवा. ट्रॅकचे पहिले दोन ठोके पुसट रेकॉर्ड होतात आणि नंतर आवाजाची फाइल ट्रॅकखाली नेमकी कुठे ठेवायची याची खूण मिळते. खूण वापरून झाली की तेवढा तुकडा कापून टाका.

संगणकावर ऑडॅसिटी फुकट आहे आणि या कामाला पुरते. रीपर साठ दिवस वापरून पाहता येतं, मग परवाना घ्यायचा. सॉफ्टवेअर कोणतं यावर गटांमध्ये वाद झडतात, पण त्याने गाण्यात फार फरक पडत नाही.

गाण्याआधी पट्टी

ट्रॅक बहुधा मूळ गायकाच्या पट्टीत, म्हणजे पेटीच्या ज्या पट्टीवर तो सा धरतो तिच्यात, असतो. काकांचा गळा काळी एकचा, काकूंचा काळी चारचा, आणि दोघंही मूळ गाण्याशी झगडतात. सॉफ्टवेअरमध्ये लय न बदलता पट्टी चढवता-उतरवता येते. दोन-तीन पट्ट्यांपर्यंत ट्रॅक सोसतो. त्यापलीकडे ढोलकीची थाप रबरी होते आणि बासरीचा श्वास विचित्र वाटू लागतो. काळी एकवरून काळी चारवर जायचं तर सात पट्ट्या चढा किंवा पाच उतरा, दोन्ही फारच. तिथे तुमच्या पट्टीत वाजवलेला ट्रॅकच शोधावा. पट्टी रेकॉर्डिंगच्या आधी ठरवा. गायल्यानंतर आवाजाची पट्टी बदलली की माणूस बदलतो.

पातळी: आवाज मोठा नको

इंटरफेसवर गेन नावाची कळ असते, ती माइकचा सिग्नल किती वाढवायचा हे ठरवते. डिजिटल मोजमापात शून्य डेसिबल हे छत आहे. त्याला आवाज लागला की लहरीचा माथा सपाट कापला जातो आणि करकर उमटते, ती पुढे काढता येत नाही. अंतऱ्यातली सगळ्यात उंच ओळ पूर्ण ताकदीने गाऊन पाहा आणि काटा उणे १२ ते उणे ६ च्या मधे राहील असा गेन लावा. फार हळू रेकॉर्ड होतंय असं वाटेल. वाटू द्या. २४ बिटवर रेकॉर्ड केलेला आवाज नंतर निर्धास्त वाढवता येतो. सुरुवातीला दहा सेकंद गप्प राहून खोलीची शांतता रेकॉर्ड करा. ऑडॅसिटीसारखं सॉफ्टवेअर त्या शांततेवरून पंख्या-फ्रिजची घरघर ओळखतं आणि पुढच्या आवाजातून कमी करतं. हलक्या हाताने वापरा, जास्त केलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

पूर्ण गाणं तीन-चारदा सलग गा आणि मग चांगले तुकडे निवडा. ओळ ओळ तोडून गायलं की प्रत्येक ओळ सुरेल येते, पण गाण्याचा भाव वाहत नाही. निदान अख्खं कडवं तरी एका दमात असावं.

आवाज ट्रॅकमध्ये बसवणं

"आवाज ट्रॅकवर तरंगतोय" ही नेहमीची तक्रार. पहिलं काम म्हणजे ट्रॅक खाली आणणं. लोक आवाज वाढवत राहतात आणि छताला लावतात.

मग आवाजातला खालचा कचरा काढा. काळी एकच्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, मंद्र पंचम १०४ चा. त्यामुळे ८० हर्ट्झच्या खालचं सगळं, म्हणजे टेबलाचे धक्के, रस्त्यावरची गडगड, बिनधास्त कापता येतं. स्त्रियांच्या आवाजात १२० पर्यंतही जाता येईल. २०० ते ४०० हर्ट्झमध्ये थोडी घट केली की कोंदटपणा जातो.

कॉम्प्रेसर हे उपकरण मोठ्या आणि लहान आवाजातलं अंतर कमी करतं. गाण्याच्या ओळीचं शेवटचं अक्षर ट्रॅकमध्ये बुडतं, ते त्याने वर येतं. ३:१ हे प्रमाण सुरुवातीला ठेवा, म्हणजे ठरवलेल्या रेषेवर आवाज तीन डेसिबल चढला तर बाहेर एकच चढतो. मराठी भावगीताला याहून जास्त दाब नको. त्यातला चढउतार हाच त्याचा जीव असतो.

शेवटी रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा. कोरडा आवाज ट्रॅकपेक्षा वेगळ्या घरातला वाटतो, रिव्हर्ब त्याला त्याच हॉलमध्ये आणतो. हळूहळू वाढवा, जाणवायला लागला की थोडा मागे घ्या. एको आणि रिव्हर्ब भरपूर ओतून कच्चा सूर झाकायची सवय आपल्या गटांत फार पसरली आहे, आणि त्यात चांगले आवाजही बुडतात. मूळ गाणं शेजारी लावून तुलना करा, त्या जुन्या गाण्यांत गायकाचा आवाज किती जवळचा आणि किती कमी सजवलेला आहे ते ऐका. झालेलं मिश्रण हेडफोनवर, मोबाइलच्या स्पीकरवर आणि जमलं तर गाडीत ऐकून पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

सूर दुरुस्त करणं ही फसवणूक नाही का?

सूर आपोआप सरळ करणारं ऑटो-ट्यून १९९७ मध्ये आलं. आज तशी सोय फुकट अ‍ॅपमध्येही आहे. एखादा निसटलेला स्वर हाताने सावरणं मला गैर वाटत नाही, आपण चांगला तुकडा निवडतो तसंच ते. पण पूर्ण गाण्यावर लावून ठेवू नका, आणि त्याचं कारण नैतिक नाही, सांगीतिक आहे. ही सॉफ्टवेअर स्वराला जवळच्या पेटीच्या पट्टीकडे ओढतात. आपल्या गाण्यातली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, दोन पट्ट्यांच्या मधूनच जाते, आंदोलित स्वर पट्टीच्या आसपास हलत राहतो. यंत्र त्याला चूक समजतं आणि पायऱ्या पाडतं. नाट्यगीतावर ते लावून पाहिलंत तर लगेच कळेल.

यूट्यूबवर टाकलं तर?

इथेही आवाज आणि ट्रॅक वेगळेच मोजावे लागतात. आवाज तुमचा. पण एका गाण्यात कवीचे शब्द, संगीतकाराची चाल आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या मालमत्ता असतात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांवरचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, ध्वनिमुद्रणावरचा प्रकाशनानंतर ६० वर्षं. म्हणून "गाणं जुनं आहे, आता मोकळं असेल" हा तर्क फसतो. साठ वर्षांपूर्वीची तबकडी मुक्त झाली तरी तिचा संगीतकार नंतर पंधरा-वीस वर्षं जगला असेल, तर चाल अजून मुक्त नाही. ट्रॅक ज्याने नव्याने वाजवला त्याचा त्या ध्वनिमुद्रणावर वेगळा हक्क असतो. ट्रॅक विकत घेतला म्हणजे गायचा परवाना मिळाला, प्रसिद्ध करायचा मिळालाच असं नाही. विकणाऱ्याला तसं स्पष्ट विचारा.

यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा अपलोड केलेल्या फाइलची नोंदवलेल्या संगीताशी तुलना करते. जुळलं की हक्कधारकाचा दावा लागतो. हौशी गायकाच्या बाबतीत याचा अर्थ बहुधा एवढाच की जाहिरातीचे पैसे त्यांना जातात, किंवा काही देशांत व्हिडिओ दिसत नाही. यामुळे घाबरून व्हिडिओ काढून टाकणारे बरेच आहेत, त्याची गरज नसते. स्ट्राइक ही वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे. हक्कधारकाने रीतसर तक्रार करून व्हिडिओ उतरवायला लावला की ती लागते, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक लागल्या तर चॅनेल बंद होऊ शकतं. मूळ गाण्यातून आवाज काढून केलेल्या ट्रॅकमध्ये धोका जास्त, कारण त्यात कंपनीचं मूळ ध्वनिमुद्रणच वाजत असतं. व्हिडिओखाली गीतकार, संगीतकार, मूळ गायक आणि ट्रॅक वाजवणाऱ्याचं नाव जरूर लिहा. त्याने परवानगी मिळत नाही, पण ट्रॅक वाजवणाऱ्याचं नाव आज जवळजवळ कुणीच लिहीत नाही, आणि ते लिहिलं गेलं पाहिजे.